मुलासोबत जुना ट्रॅक्टर पुन्हा चालू करताना

शेडच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रॅक्टर दहा-बारा वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन चालू करायचा असेल, तर पहिला नट सोडायच्या आधी एक गोष्ट ठरवा: यातलं कोणतं काम पूर्णपणे त्याचं. ‘पाना दे’, ‘चिंधी आण’, ‘टॉर्च नीट धर’ एवढ्यावरच ठेवलेलं मूल दुसऱ्या-तिसऱ्या रविवारनंतर येईनासं होतं, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. त्याला एक अख्खी यंत्रणा द्या. उघडायची त्याने, समजून घ्यायची त्याने, बसवायचीही त्याने. तुम्ही फक्त विचारल्यावर उत्तर द्यायचं.

मी वायरिंग सुचवेन. जुन्या ट्रॅक्टरचं वायरिंग मोजकं असतं: बॅटरी, सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर), डायनामो, कटआउट (डायनामो बंद असताना बॅटरी त्याच्यात उतरू न देणारा स्विच), चावीचा स्विच, दिवे आणि एक-दोन मीटर. जड काही उचलावं लागत नाही, 12 व्होल्टचा शॉक बसत नाही, आणि काम बरोबर झालं की चूक हे दिवा लगेच सांगतो. धोका एकच, शॉर्ट झालं की वायर तापून पेट घेते. म्हणून बॅटरी जोडण्याचं काम तुमच्या हातात ठेवा.

कोणता ट्रॅक्टर घ्यायचा

हाताशी असलेला ट्रॅक्टर असेल तर प्रश्नच नाही. विकत घ्यायचा असेल तर दुर्मीळ मॉडेलच्या मोहात पडू नका. भरपूर संख्येने बनलेलं, सुटे भाग आणि दुरुस्तीचं पुस्तक आजही मिळतं असं मॉडेल बघा. फर्ग्युसन टीई 20 हे चांगलं उदाहरण आहे. 1946 ते 1956 या काळात 5 लाखांहून जास्त बनले, त्यामुळे त्याचे भाग अजूनही तयार होतात. 1964 पासून बनलेल्या मॅसी फर्ग्युसन 135 चीही तीच गोष्ट. मुलाच्या उत्साहाला सगळ्यात मोठा मार बसतो तो एका सीलसाठी चार महिने थांबावं लागतं तेव्हा.

बघायला जाताना मुलाला बरोबर न्या आणि तपासणी त्यालाच करू द्या. फॅनची पुली हाताने थोडीतरी हलते का? इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं तेल दुधाळ दिसतंय का, म्हणजे आत पाणी गेलंय का? ब्लॉकच्या बाजूला, पाण्याच्या जॅकेटवर, बारीक भेग किंवा वेल्डिंगची जुनी रेघ आहे का? थंडीत पाणी गोठून फुटलेला ब्लॉक बाहेरून रंगाने सहज झाकला जातो. जाम इंजिन सुटतं, गंजलेला पत्रा बदलता येतो. फुटलेला ब्लॉक मात्र पहिल्याच प्रकल्पात घेऊ नका.

मुलाने कुठे हात लावायचा नाही

हे एकदाच, स्पष्ट आणि कारणासकट सांगा. कारण कळलेलं मूल नियम जास्त पाळतं.

जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कोणीच जायचं नाही, तुम्हीसुद्धा. जॅक उचलण्यासाठी असतो. वजन पेलायला लोखंडी घोड्या किंवा टणक लाकडाचे ठोकळे लागतात. पुढचा अॅक्सल मध्यभागी एका पिनवर झुलतो हे विसरू नका. पुढून उचलून इंजिन-गिअरबॉक्सवर काम करायचं असेल तर अॅक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका, नाहीतर अख्खं धूड एका अंगावर कलंडतं. मागची चाकं काढताना मूल तिथे नको. जुन्या टायरमध्ये वजनासाठी पाणी किंवा क्षाराचं द्रावण भरलेलं असू शकतं, आणि असं चाक एकदा आडवं व्हायला लागलं की माणसाच्या हाताने थांबत नाही.

पीटीओचा शाफ्ट, म्हणजे मागची अवजारं फिरवणारा दांडा, मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरतो, म्हणजे सेकंदाला 9 वेळा. सैल बाही, ओढणी, बुटाची नाडी अडकली की हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. संपूर्ण दुरुस्तीच्या काळात पीटीओवर त्याचं झाकण बसवून ठेवा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या मेंदूला जास्त घातक. त्यामुळे जुना रंग कोरडा घासायचा नाही, ग्राइंडरने उडवायचा नाही, आगीने जाळायचा नाही. पाणी मारून ओला घासा किंवा रंग सोडवणारं रसायन लावा. हे काम मूल घरात नसताना करा. कपडे वेगळे धुवा. जुन्या ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ कॉम्प्रेसरने फुंकायची नाही, ओल्या कापडाने टिपून पिशवीत बंद करायची.

आधी फोटो, मग पाना

इथे मूल तुमच्यापेक्षा सरस ठरेल. प्रत्येक भाग काढण्याआधी तीन बाजूंनी फोटो, काढल्यावर त्याचे नट-बोल्ट एका डब्यात, डब्यावर चिठ्ठी, वहीत नोंद. चिठ्ठीवर ‘बोल्ट’ एवढंच लिहून उपयोग नाही. ‘वॉटर पंप, वरचे दोन, लांब, खालचे दोन, आखूड’ असं लिहायला शिकवा. सहा महिन्यांनी ती चिठ्ठी वाचून ओळख पटायला हवी.

पहिल्याच दिवशी त्याच्या हातात व्हर्नियर आणि आटे मोजायचं गेज द्या. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या ट्रॅक्टरवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ (जुन्या ब्रिटिश इंची मापांचे) आटे असतात, नंतरच्यांवर यूएनएफ-यूएनसी (वेगळ्या इंची मापांचे), आणि मधल्या मालकांनी घुसवलेले मिमीचे बोल्ट तर सगळीकडे. ‘बसतोय जवळपास’ असा पाना नटाचे कोपरे गोल करतो आणि मग पाच मिनिटांचं काम दिवसभर चालतं. कुठला नट कुठल्या मापाचा याचा तक्ता मुलाने बनवून भिंतीवर लावला की तुम्हीच त्याला विचारत राहता.

गंजलेला नट सोडायची पद्धत: आजूबाजूचा गंज वायर ब्रशने झाडा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी नट आधी किंचित घट्ट करून बघा. तो ‘टक्’ असा आवाज आला की गंजाची पकड सुटली. मग उलटा फिरवा, अडला की परत थोडा पुढे, पुन्हा मागे. पान्याला लांब पाइप लावून लटकू नका, बोल्ट तुटेल.

गंज काढायची टाकी

लहान भागांसाठी मला हीच पद्धत सगळ्यात आवडते, कारण हाताने घासून न निघणारा गंज ती काढते, धातूला खात नाही, आणि शाळेतलं रसायनशास्त्र अंगणात प्रत्यक्ष घडताना दिसतं.

प्लॅस्टिकची बादली घ्या. साधारण 4 लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा नव्हे. एका बाजूला टाकाऊ साध्या लोखंडाची पट्टी उभी करा. गंजलेला भाग तारेने मधोमध लटकवा. पट्टी आणि भाग एकमेकांना चिकटता कामा नयेत. 12 व्होल्टच्या साध्या चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला, धन बाजू पट्टीला. उलटं जोडलं तर चांगला भागच खाल्ला जातो, म्हणून मुलाला मोठ्याने म्हणायला लावा: ‘गंज ऋणाला.’ अलीकडचे आपोआप चालणारे चार्जर बॅटरी ओळखल्याशिवाय सुरू होत नाहीत, त्यामुळे इथे जुन्या पद्धतीचाच लागतो.

चालू केल्यावर भागाभोवती बारीक बुडबुडे सुटतात आणि काही तासांत पाण्यावर तांबूस फेस जमतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून टाकी उघड्यावर हवी आणि जवळ ठिणगी नको. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर भिंतीवरून बंद. ते बटण तुमचं. पट्टीसाठी स्टेनलेस स्टील वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. अॅल्युमिनियम, पितळ, स्प्रिंग आणि जास्त ताकदीचे कडक बोल्ट टाकीत टाकू नका. अॅल्युमिनियम सोड्यात झिजतं आणि कडक पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होतं.

दुसऱ्या दिवशी भाग काळपट झालेला दिसेल. नळाखाली ब्रश मारला की काळं निघून खालचा धातू दिसतो, कधी कधी तर कारखान्याने कोरलेला क्रमांकही. मुलासाठी हा क्षण मोठा असतो, घाई करू नका. पण लगेच पुसा, वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. उघडा धातू काही तासांत पुन्हा तांबूस पडतो.

जाम इंजिन

इंजिन फिरत नसेल तर ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचा सल्ला पुष्कळजण देतील. ऐकू नका. एखादा पिस्टन चिकटलेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं पातळ तेल ओता आणि वाट बघा. कधी दोन दिवस, कधी तीन आठवडे. रोज तेल किती उतरलं ते मुलाने सळी घालून बघायचं आणि वहीत लिहायचं. ज्या सिलिंडरमधलं तेल उतरत नाही, तिथली पिस्टन रिंग गंजाने घट्ट बसलीय असा संशय घ्या. मग सेल्फ काढून त्या तोंडातून फ्लायव्हीलच्या दात्यांवर पहार लावा आणि हळूहळू पुढे-मागे हलवा. एक दाता सरकला तरी थांबा, पुन्हा तेल टाका. पूर्ण फेरी फिरली की नोझलच्या भोकांवर कापड टाकून इंजिन भरपूर फिरवा, म्हणजे साचलेलं तेल बाहेर पडेल. ते आत राहिलं आणि तुम्ही सेल्फ मारला तर द्रव दाबला जात नाही, रॉड वाकतो. एवढं करूनही हललं नाही तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवावंच लागतं. तिथे अनुभवी मेकॅनिकला बोलवायला संकोच नको.

टॅपेट

टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं. दोघांनी मिळून करायचं सर्वांत सुंदर काम हेच. एकाने इंजिन हाताने फिरवायचं, दुसऱ्याने फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप, धरायचं. गेज मुलाकडे द्या. बारीक बोटांना फरक चांगला कळतो.

व्हॉल्व्ह कव्हर उघडा. आत व्हॉल्व्ह दाबणारे छोटे झुलते हात दिसतील, ते रॉकर. रॉकरचं एक टोक पुशरॉडवर (खालून ढकलणाऱ्या सळीवर), दुसरं व्हॉल्व्हच्या दांड्यावर. व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना या दुसऱ्या टोकाखाली ठरावीक फट लागते, जुन्या डिझेल इंजिनांत बहुधा 0.25 ते 0.40 मिमीच्या आसपास. तुमच्या इंजिनचा नेमका आकडा पुस्तकातूनच घ्या आणि तो गार इंजिनसाठी आहे की गरम, हेही बघा. गेजची पाती फटीत घातल्यावर ओढताना हलकी खेच जाणवली पाहिजे. सहज सुळकन निघाली तर फट जास्त, अडकली तर कमी. बरोबर सेट केलेला एक व्हॉल्व्ह आधी तुम्ही दाखवा, मग मुलाने डोळे मिटून ती खेच तीन-चारदा अनुभवायची. पुढचे सगळे व्हॉल्व्ह त्याचे.

चार सिलिंडरचं इंजिन असेल आणि व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी असेल, तर नऊचा नियम शिकवा. व्हॉल्व्हना पुढून 1 ते 8 क्रमांक द्या. जो पूर्ण उघडा असेल तो नवातून वजा करा, येईल तो सेट करा. 1 उघडा तर 8, 3 उघडा तर 6, 7 उघडा तर 2. कारणही सांगा: पहिला आणि चौथा सिलिंडर, दुसरा आणि तिसरा, या जोड्यांमध्ये बरोबर एका फेरीचं अंतर असतं. एकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो तेव्हा जोडीदाराचा तोच व्हॉल्व्ह पूर्ण बंद. तीन सिलिंडरच्या इंजिनाला हा नियम लागत नाही, तिथे पुस्तकातला क्रम.

डिझेल आणि पहिला स्टार्ट

जुनं डिझेल काढून टाका. टाकीच्या आत गंज असेल तर मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून टाकी हलवा, गाळ काढा, स्वच्छ डिझेलने धुवा. दोन्ही फिल्टर नवे. इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर आणि रेडिएटरचं पाणीही नवं. एअर क्लीनर तेलाचा असेल तर वाटीत खुणेपर्यंतच तेल भरा. जास्त भरलेलं तेल इंजिन ओढून घेतं आणि त्याच्यावरच पळायला लागतं.

मग एअर, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढायची. क्रम ठरलेला: टाकीचा कॉक, फिल्टरवरचा स्क्रू, डिझेल पंपावरचा स्क्रू. फीड पंपाची छोटी दांडी मुलाने हाताने मारायची, स्क्रूतून आधी फेसाळ आणि मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल आलं की तुम्ही स्क्रू आवळायचा. डोळ्यांवर चष्मा दोघांच्या. इथवर दाब कमी असतो.

नोझलच्या नटांवर मात्र फक्त तुम्ही. नोझलला जाणारं डिझेल 150 बारच्या पुढच्या दाबाने सुटू शकतं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये साधारण 1 बारच्या आसपास हवा असते, यावरून अंदाज करा. ही धार कातडीतून आत शिरते. बाहेरून सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर ‘बघू उद्या’ म्हणायचं नाही. लगेच हॉस्पिटलमध्ये जायचं आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ हे शब्द वापरायचे. गळती हाताने शोधायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरायचा.

पहिला स्टार्ट उघड्यावर करा. गिअर न्यूट्रल, चाकांना दगड किंवा ठोकळे, अग्निशामक जवळ. एक जाडजूड सपाट फळी तयार ठेवा, एअर क्लीनरचा पाइप काढल्यावर उघडं पडणारं तोंड तिने पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पंपाची आतली पट्टी पूर्ण डिझेलवर अडकलेली असू शकते. मग इंजिन सुरू होताच बेफाम पळतं आणि स्टॉपची दोरी ओढूनही थांबत नाही. हवा बंद केली की थांबतं. फळीनेच, हाताने नाही. फळीजवळ दुसरं मोठं माणूस उभं करा. मूल लांब, बाजूला, मोबाइलवर व्हिडिओ घेत.

आधी स्टॉप ओढून सेल्फ मारा, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मग स्टॉप आत. सुरुवातीला पांढरा धूर येणारच, ते न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटलं तर हेड गॅस्केट तपासा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. धुराचा रंग आणि वेळ मुलाने लिहायची.

त्याचं वायरिंग

जुन्या वायरची लांबी आणि जाडी मोजून तशीच नवी. जुन्याचा नकाशा आधी कागदावर, प्रत्येक वायरला रंग आणि क्रमांक. सेल्फची जाड केबल सोडून बाकी प्रत्येक शाखेत फ्यूज घाला, जुन्या ट्रॅक्टरवर मुळात नसला तरी. काही जुन्या मॉडेलवर बॅटरीची धन बाजू चेसिसला जोडलेली असते, तेव्हा आधी पुस्तक बघा. बॅटरी काढताना चेसिसची वायर आधी, जोडताना ती शेवटी.

एखादा सांधा सैल राहिला तर तो रात्री गुपचूप नीट करून ठेवू नका. हे मी मनापासून सांगतो. मुलाला ते कळतं, आणि त्यानंतर ते काम त्याचं राहत नाही. टेस्ट लॅम्प हातात द्या आणि बॅटरीपासून एक-एक सांधा तपासत पुढे जायला सांगा. जिथे दिवा लागायचा थांबेल, तिथे दोष. अर्धा तास लागेल. लागू द्या.

ब्रेक, स्टेअरिंग, लिफ्ट

ट्रॅक्टर चालायच्या आधी थांबला पाहिजे, म्हणून ब्रेक इंजिनइतकेच महत्त्वाचे. हे काम तुमचं किंवा मेकॅनिकचं. स्टेअरिंगचे सगळे सांधे हलवून खेळ बघा, झिजलेले टायरॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकांचे सांधे) बदला. ग्रीस निप्पल शोधून प्रत्येकात ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरणं, हे मुलाला आवडतं. कामाआधी अवजार उचलणारी मागची लिफ्ट खाली. वर ठेवलेल्या लिफ्टखाली हात नको.

रंग घाईने नको

सगळ्यांना रंगाची घाई असते. निदान काही आठवडे ट्रॅक्टर तसाच चालवा. गळती, सैल नट, चुकीचा पाइप, सगळं आधी बाहेर येऊ द्या, नाहीतर नव्या रंगावर पाने चालवावे लागतात. मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि साधा ऑइल पेंट, ब्रश किंवा रोलरने. हार्डनर मिसळून स्प्रे करायचे रंग घरी वापरू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं नुकसान करतात आणि साधा मास्क त्यांना अडवत नाही. मूळ रंग ठेवायचा की झिजलेलं अंग तसंच जपायचं, हा निर्णय मुलाला घेऊ द्या.

पहिली फेरी

जुन्या ट्रॅक्टरला बहुधा उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी चौकट नसते. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे खूप कमी झाले. तुमच्या मॉडेलसाठी प्रमाणित चौकट आणि सीटबेल्ट मिळत असेल तर रंगाचे पैसे त्यात घाला. डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात. फेरीआधी खटका लावून दोन्ही एकत्र जोडा, वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो. काही ओढायचं असेल तर खालच्या ड्रॉबारलाच (मागे ओढण्यासाठी असलेल्या पट्टीलाच) बांधा. उंचावर बांधलं की पुढची चाकं उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटतो.

मडगार्डवर मुलाला बसवू नका, कितीही हळू चालवत असलात तरी. एक सीट, एक माणूस. त्याने फेरी बाहेरून बघावी, आणि तुम्ही उतरल्यावर त्याच्याकडून यादी घ्यावी: कुठून थेंब पडला, कोणता आवाज नवा आहे, चाक सरळ फिरतंय का. चालवण्याचं वय आणि परवाना यासाठी तुमच्याकडचा कायदा बघा.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासा, चाकांचे आधी. हेड काढलं असेल तर त्याचे नट पुस्तकातल्या टॉर्कवर (आवळायच्या ठरावीक ताकदीवर) आणि क्रमाने. पहिल्या 20-25 तासांनी ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, कारण जुना गाळ आता सुटून आलेला असतो. काढलेला फिल्टर कापून उघडा, घड्या पसरवा आणि मुलाला लोहचुंबक फिरवायला सांगा. बारीक काळसर लेप चालतो. चकाकणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर इंजिन पुन्हा सुरू न करता बेअरिंग तपासा.